दव न गोठलेलं छप्पर

मिक्केली, ६ सप्टेंबर १९८७

ओइवामामा,

खुब्याचं हाड नवं बसवलं तरी जीभ जुनीच आहे, असं तुझ्या वॉर्डातल्या नर्सबाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा खुशाली कळली. तुला फोनवर बोलायला नको असतं, कॉरिडॉरमधल्या रांगेला कान असतात म्हणून. तेव्हा लिहिते.

आईच्या बेटावर जाणारी फेरीबोट पुढच्या उन्हाळ्यापासून बंद. परवा काउको आला होता. माझ्या स्वयंपाकघरात बसून, लहानपणापासूनच्या सवयीने चमचा कपाच्या काठावर टिंग टिंग टिंग वाजवत त्याने निकाल दिला. बोट नाही तर बेट कशाला? पहिल्या बर्फाच्या आत मी चांगली बोट घेतली तर ठीक, नाही तर वसंतात घर विकायचं. हेलसिंकीचं गिऱ्हाईक त्याने बघूनही ठेवलंय. अर्ध्या घरावर त्याचं नाव आहे, त्याला कोण अडवणार? भाऊ वाईट नाही रे, पण एकदा ठरवलं की दगड.

माझ्याजवळ जे साठलंय त्यात एकच बोट येते. ती फसवी निघाली तर दुसरी नाही, आणि आईचं घरही नाही. सरोवराकाठच्या पुउमालाच्या धक्क्यावर एक पाटी दिसली: केबिनची बोट, डिझेल इंजिन, नाव ‘आइली’, मालक ताइस्तो लेम्पिआइनेन. लाकडाच्या गिरणीत होता म्हणे. बोटीचं काय काय बघायचं? दातांच्या दवाखान्यात उभं आयुष्य गेलं माझं. मला दातांपलीकडे काही कळत नाही.

तुझी हिल्का

•

लाप्पेनरान्ता, १० सप्टेंबर

हिल्का पोरी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कान टवकार.

मी ओंडके ओढणाऱ्या टगबोटीवर कोळसा लोटायचो. तिथून स्वतःच्या वर्कशॉपपर्यंत आलो तो हातांच्या जोरावर नाही, कानांच्या. इंजिन खोटं बोलत नाही, मालक बोलतो. म्हणून मालकाच्या आधी इंजिनाला भेटायचं. गेल्या गेल्या, नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत, इंजिनावर हात ठेव. गार हवं. कोमट लागलं तर समज, तू यायच्या आधी त्याने ते सुरू करून ठेवलंय. गार असताना जे खोकतं, धूर ओकतं, ते गरम झाल्यावर शहाण्यासारखं वागतं. माणसांचंही तसंच.

तेलाची सळई ओढून बघ. तेल काळं असलं तर असू दे. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, बहुतेक हिवाळ्यात इंजिन गोठून तडकलंय. मग तिथे कॉफीसुद्धा पिऊ नकोस. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळं अंग ठोकून बघ, दात ठोकता तसं. खणखणीत वाजलं की निरोगी. भद्द वाजलं की आत कुजलंय, हे तुला मी सांगावं? बोट वर आली की पाण्यातला पंखा धरून हलव, दांडा डुगडुगता कामा नये. नव्या रंगावर भाळू नकोस, नव्या रंगाखालीच जुनी पापं असतात. आणि बोट पाण्यातून वर काढून पोट दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पोट न दाखवणारा मालक आणि तोंड न उघडणारा पेशंट सारखेच.

शेवटचं आणि मुख्य: शरदात का विकतोय? शहाणा माणूस वसंतात विकतो, तेव्हा लोक उन्हाने वेडे झालेले असतात. शरदात बोट विकणाऱ्याचं काहीतरी बुडत असतं. शिवाय तो साव्हो प्रांतातला. साव्होचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्याची, हे विसरू नकोस.

आता आशीर्वाद.

ओइवामामा

•

मिक्केली, २० सप्टेंबर

मामा,

जाऊन आले. हा साव्होचा माणूस बोलतच नाही. साठीच्या पुढचा, उंच, दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री.

इंजिनावर हात ठेवला. गरम होतं. विचारलं, तर म्हणाला, सकाळी जरा चालवलं. तेल स्वच्छ. पंखा पाण्याखाली, तो राहिला. मी सगळ्या अंगावर ठोकत फिरले, तो हातांची घडी घालून बघत होता. सगळीकडून खणखणीत, फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात खाली आवाज बसका. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “तिथे दगड लागला होता. मीच भरलंय.” नंतर एक फेरी मारली. सरळ चालते, सुकाणू हलकं.

आत मात्र मला काहीतरी चमत्कारिक वाटलं. काचांच्या कडांना आतून ओल, नुकतीच पुसल्यासारखी. दोन बाकांपैकी एकाचीच गादी खोल बसलेली, दुसरी नव्यासारखी. मी नको म्हणेपर्यंत कॉफी समोर आली. साखर विचारली नाही, तो स्वतः घेत नाही. वर काढून दाखवा म्हटलं तर ‘बघू’. का विकताय म्हटलं तर ‘मुलगा स्वीडनमध्ये आहे’. हे उत्तर झालं का? आणि मी सौद्याचं बोलले तेव्हा म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. जो विकायला बसलाय तो पुढच्या आठवड्यात कशाला बघेल?

हिल्का

•

लाप्पेनरान्ता, २४ सप्टेंबर

पोरी,

तुझं पत्र वाचून शेजारच्या खाटेवरचे रिटायर्ड पोस्टमास्तर म्हणाले, घेऊ नका. मी म्हटलं, थांबा, वास कुठून येतोय ते आधी कळू दे.

इंजिन गरम: एक. काचांना आतून ओल: म्हणजे तळात कुठेतरी पाणी झिरपतंय आणि तो रोज उपसतोय. वर काढायला नको: म्हणजे पोटात काहीतरी आहे. आणि दगडाचं त्याने आपणहून सांगितलं याने तू विरघळलीस ना? अगं, ही तर जुनी युक्ती. छोटा दोष हातावर ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक मोठा शोधत नाही. मीही विकल्यात बोटी.

टेपरेकॉर्डर घेऊन जा. इंजिन सुरू व्हायच्या आधी बटण दाब, बंद झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेव. बोलायचं नाही. मला ऐकू दे.

मामा

•

मिक्केली, १ ऑक्टोबर

मामा,

टेप सोबत आहे. या वेळीही इंजिन गरमच होतं. मी टेपरेकॉर्डर काढला तर त्याने काही विचारलं नाही, बाहेर जाऊन धक्क्यावर उभा राहिला. जगात कुणालाच कसलं नवल वाटत नाही का? बोटीचं इंजिन टेप करणारी बाई त्याने रोज बघितली असेल जशी.

हिल्का

•

लाप्पेनरान्ता, ५ ऑक्टोबर

पोरी,

पोस्टमास्तरांना बाहेर काढून टेप ऐकली. इंजिन उत्तम आहे. पहिला सिलिंडर पेटायला किंचित उशीर करतो, पण तेवढं चालायचं. हे इंजिन प्रेमात वाढलंय.

पण इंजिन सुरू व्हायच्या आधीचं ऐकलंस का तू? टिक टिक टिक. गजराचं घड्याळ, चावीचं, मोठ्या डब्याचं. माझ्या आईच्या उशाशी होतं तसलं. आणि इंजिन थरथरायला लागल्यावर कुठेतरी झाकणं वाजतात, एक नव्हे, बरीच. चांगली चार भांडी असावीत. सहलीच्या बोटीत एक किटली असते, पोरी. गजराचं घड्याळ कोण ठेवतं? ज्याला ठरलेल्या वेळी उठून निघायचं असतं तो. ऑक्टोबरात, अंधारात, कुठे? सरहद्दीपलीकडून चोरटी दारू येते असं मी लहानपणापासून ऐकतोय. किंवा बोट त्याची नाहीच, तो नुसता बसलाय.

इंजिनावरचा नंबर कागदांशी ताडून बघ. धक्क्यावरच्या लोकांकडे चौकशी कर. बंदरात कुणाचं काही लपत नाही.

मामा

•

मिक्केली, ८ ऑक्टोबर

मामा,

नंबर जुळतात. कागद त्याच्याच नावावर, पहिल्या दिवसापासून.

धक्क्यावर मात्र तुझं खरं ठरलं. तिथे राइली नावाची बाई टपरी चालवते, बोटक्लबचा हिशेबही तीच बघते. अळंब्यांच्या भाजीबद्दल भरभरून बोलत होती. मी ‘आइली’चं नाव काढलं आणि नळ बंद झाला. फडकं घेऊन पुसलेलंच टेबल पुसायला लागली. शेवटी म्हणाली, “आज वारा उत्तरेचा आहे.” क्रेनपाशी दोघं दोरखंड नीट करत होते. त्यांना विचारलं, तर एकजण म्हणाला, चांगली बोट आहे, आणि दोघंही शेडमागे गेले.

आणखी एक. क्लबच्या शेडमधून विजेची वायर निघते ती फक्त ‘आइली’कडे जाते. बाकी कुठल्याही बोटीला नाही. क्लबच्या सौनाची, वाफेच्या न्हाणीघराची, किल्ली दारावर सगळ्यांसमोर खिळ्याला टांगलेली असते. एवढा विश्वास कोण कोणावर ठेवतं?

पुढच्या आठवड्यात सगळ्या बोटी वर काढायच्या आहेत. काउकोचा फोन होता. हेलसिंकीचं गिऱ्हाईक बेटावर जाऊन फूटपट्टी लावून आलं म्हणे. मला ही बोट सोडून द्यावीशी वाटतेय, पण दुसरी बघायला वेळ कुठे आहे?

हिल्का

•

लाप्पेनरान्ता, ९ ऑक्टोबर

पोरी,

अख्खं बंदर गप्प झालं म्हणजे अख्खं बंदर त्यात सामील आहे. एकतर ती बोट एकदा तळाला जाऊन आलीय आणि सगळ्यांनी मिळून ती उपसलीय, नाही तर वायरीच्या त्या टोकाला असं काहीतरी चालतं ज्यात सगळ्यांचा वाटा आहे.

आता न कळवता जा. पहिल्या बसने. त्याला इंजिन तापवायला वेळ देऊ नकोस. आणि तोंडावर विचार, काय लपवताय? आपल्याकडे असं कुणी कुणाला विचारत नाही, हे मला ठाऊक आहे. शेजाऱ्याचं घर पेटलं तरी आपण म्हणतो, आज उजेड बरा आहे. पण मी लोकांना विचारत सुटलो नसतो, तर अजून टगवर कोळसाच लोटत असतो. विचार. लाज वाटली तर मामाने विचारायला सांगितलंय म्हण.

मामा

•

मिक्केली, १३ ऑक्टोबर

मामा,

जाऊन आले. इंजिन गार होतं, एका झटक्यात लागलं. धूर नाही. बोट घेतेय. इकडे थंडी फार पडलीय. खुब्याला जप.

हिल्का

•

लाप्पेनरान्ता, १६ ऑक्टोबर

बाईसाहेब,

तुमचं पत्र पोचलं. पत्र कसलं, तार. महिनाभर मला गादीच्या खळग्यापर्यंत सगळं कळवलंस, आणि ज्या दिवशी उत्तर मिळालं त्या दिवशी मला थंडीची बातमी?

मी लिहिलेला प्रश्न विचारलास की नाही? तो काय म्हणाला? आजवर गरम असणारं इंजिन त्या दिवशी गार कसं? ऐनवेळी चुप्पी साधणारे ते धक्क्यावरचे लोक, त्यांत आता तूही का? पोरी, गोडीगुलाबीने गंडवणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण न बोलता गंडवणारा सगळ्यांत वाईट. त्याच्याबद्दल बाया स्वतःच गोष्टी रचतात. पैसे दिले नसलेस तर थांब. आईच्या घराचा जीव त्या एका बोटीत आहे, हे तूच लिहिलं होतंस.

मामा

•

मिक्केली, २२ ऑक्टोबर

मामा,

रागावू नकोस. ती गोष्ट दुसऱ्याची होती, त्याला विचारल्याशिवाय लिहिणं बरं वाटेना. आता विचारलंय. लिही म्हणाला.

पहिल्या बसने उतरले तेव्हा रात्री कडक थंडी पडून गेलेली होती. धक्का, दोर, सगळं पांढरं. रांगेतल्या एकूणएक बोटीच्या छपरावर दव गोठून साखर पेरल्यासारखं झालेलं. फक्त ‘आइली’चं छप्पर काळं, ओलं, आणि त्यावरून थेंब गळत होते. मी तिथेच उभी राहिले. तुझी सगळी चौकशी, इंजिन, नंबर, टेप, सगळं एका बाजूला आणि ते गळणारं छप्पर एका बाजूला. कुणीतरी रात्रभर आत राहिल्याशिवाय छप्पर ओलं होत नाही.

मी दार ठोठावलं. बोटीचं दार कुणी ठोठावतं का? पण हात तसाच गेला. त्याने उघडलं. लोकरी मोजे, हातात कॉफीचं भांडं. तुझा प्रश्न बसमध्ये पाठ केला होता, तो निघालाच नाही.

“तुम्ही इथे राहता का?”

त्याने भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, “मे महिन्यापासून.” आणि आत यायला वाट देत, “कुणी विचारलं नाही आजवर.”

घर गिरणीचं होतं. गिरणी बंद झाली, घर गेलं. आइली म्हणजे त्याची बायको. ती त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेली. मुलगा स्वीडनला ये म्हणतो, त्याला कबूल केलंय की बोट विकून येतो. म्हणून ती पाटी. आणि विकली तर जावं लागेल म्हणून ते ‘पुढच्या आठवड्यात’. मी म्हटलं, मुलगाच आहे ना, जायला काय हरकत आहे? तर म्हणाला, “सुनेच्या टेबलाशी बसून परक्या भाषेत रोज आभार मानायचे. किती दिवस?”

गिऱ्हाईक येणार असलं की तो अंथरूण-पांघरूण, चपला, सगळं फळीखाली कोंबायचा आणि काचा वाळाव्यात म्हणून इंजिन चालवून ठेवायचा. तुझं गरम इंजिन ते. गजराचं घड्याळ त्यांच्या लग्नातलं. गिरणीच्या वेळेला अजून उठतो. कशाला, ते मी विचारलं नाही.

मग राइलीकडे गेले. म्हटलं, बाई, मला सांगितलं असतंत तर? ती म्हणाली, “त्याची अब्रू होती ती. आम्ही वायर टाकली. सौनाची किल्ली बाहेर ठेवली. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.” मी म्हटलं, आणि सरोवराने बर्फ धरल्यावर? तिने पुन्हा फडकं उचललं. टेबल पुसता पुसता म्हणाली, “ते आम्हीही एकमेकांना विचारलं नव्हतं.”

बोट क्रेनने वर काढली. पोट मी स्वतः ठोकून बघितलं, स्क्रूड्रायव्हरची मूठ आणि मी. दगडाची जागा त्याने सांगितली तिथेच, तेवढीच, आणि रंगाला दोन बारीक फोड. पंखाही घट्ट. बस. त्याने एकही दोष लपवला नव्हता मामा, लपवत होता तो स्वतःला. सगळ्यांच्या बोटी वर लाकडी घोड्यांवर गेल्या आणि ‘आइली’ पुन्हा पाण्यात उतरली, तेव्हा अख्खं बंदर बघत उभं होतं. राइलीने वेलदोड्याच्या पावांची टोपली आणून डेकवर ठेवली आणि म्हणाली, वारा आज दक्षिणेचा आहे.

ठरलंय ते असं: बोट माझी. हिवाळाभर तो आईच्या घरात राहील, चूल पेटती ठेवील, बोट किनाऱ्यावरच्या रुळांवर वर ओढून तिची डागडुजी करील. पुढचं पुढे. मुलाला त्याने स्वतः पत्र लिहिलंय.

काउकोला अजून यातलं काही माहीत नाही. त्याला फक्त बोट घेतली एवढंच कळवलंय. पहिल्या बर्फाच्या आत बघायला येतो म्हणाला. आईच्या घरात परका माणूस आणून बसवला म्हटल्यावर तो काय करील, या विचाराने झोप येत नाही.

हिल्का

•

लाप्पेनरान्ता, २६ ऑक्टोबर

पोरी,

मी चोर शोधत होतो. एवढा कान लावून ऐकलं आणि घड्याळ ऐकू आलं, माणूस नाही. पोस्टमास्तरांना सगळं वाचून दाखवलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांचंही घर मुलाने विकलंय, हे आज कळलं. महिनाभर शेजारी आहेत. मी विचारलंच नव्हतं.

पण संशय हा माझा धंदा आहे, तो इतक्यात बंद होणार नाही. बर्फ धरायच्या दिवसांत, बोट चालत नाही आणि पायाखालचा बर्फ भरवशाचा नाही, तेव्हा बेटावर तो एकटा. धक्क्यावर निदान न विचारणारे लोक तरी होते. तिथे कोण? आणि काउको. तो दारात उभा राहील, ‘हा कोण’ म्हणेल, चमचा आपटेल आणि हेलसिंकीला फोन करील. तू त्याच्यासमोर पडतं घेशील, मला ठाऊक आहे, आणि मग मला पुन्हा चार ओळींची तार येईल. तेव्हा लिहूच नकोस. टेप पाठव. तुझ्यापेक्षा यंत्र खरं बोलतं.

मामा

•

बेटावरून, ८ नोव्हेंबर

मामा,

आज बर्फाची पहिली भुरभुर झाली. बोट वर ओढली, परतीला शेवटची फेरीबोट आहे. टेप सोबत आहे. काही लिहीत नाही. ऐक.

हिल्का

•

लाप्पेनरान्ता, १३ नोव्हेंबर

हिल्का पोरी,

टेप ऐकली. पोस्टमास्तरांना या वेळी बाहेर काढलं नाही.

आधी चूल. लाकूड कोरडं आहे, बर्चचं, तडतडत नाही. मग घड्याळ. बोटीत ते जरा लंगडत होतं, आता सरळ चालतंय, घट्ट जमिनीवर आल्याचं त्यालाही कळलंय. मग कॉफी ओतल्याचा आवाज, तीन वेळा. पहिल्या कपात चमचाच नाही: तो तुझा बिनसाखरेचा ताइस्तो. दुसऱ्यात अगदी हळू, दुखऱ्या दाताला लावल्यासारखा: ती तू. आणि तिसरा, काठावर, टिंग टिंग टिंग. या आवाजावर तुझ्या आईचा हात उठायचा आणि पोरगं टेबलाखाली पळायचं. पन्नाशीला आला तरी तोच चमचा.

मग टिंग टिंग थांबतं. मला वाटलं, झालं, आता निकाल. पोस्टमास्तरांनी तर माझी बाही धरली. चमचा बशीत ठेवल्याचा आवाज येतो. खुर्ची मागे सरकते. आणि मग तुझा दगड विचारतो, “लाकूड मार्चपर्यंत पुरेल का?” समोरचा विचार करून म्हणतो, “फेब्रुवारीपर्यंत.” मग दार उघडतं, वारा आत येतो, दोन जोड्या बूट बाहेर जातात आणि थोड्या वेळाने करवत सुरू होते. दोन्ही बाजूंनी ओढायची, मोठी. ती एकट्याने ओढता येत नाही.

हेलसिंकीच्या गिऱ्हाइकाचं नावही कुणी काढलं नाही, म्हणजे ते फूटपट्टी घेऊन दुसरं बेट शोधायला गेलं असं मी धरतो. काउकोला विचारून पक्कं कळव.

खुबा चालू लागलाय. बर्फ माणसाचं वजन घेईल इतका जाड झाला की आम्ही दोघं येतो, मी आणि पोस्टमास्तर. ते सावकाश चालतात, मीही.

आणि ‘आइली’चा पहिला सिलिंडर उशिरा पेटतो, ते ताइस्तोच्या कानावर घातलंस का? त्यालाही ऐकू येत असणार, पण तो आपणहून बोलायचा नाही. त्याला विचार. विचारलेलं आवडतं त्याला.

ओइवामामा